फाडलेली कड काय सांगते?

तुळजापूरच्या बाजारात कुंकू मिळते, कवड्यांच्या माळा मिळतात, परड्या मिळतात. राइस पेपर मात्र मिळत नाही. चित्रकलेच्या एखाद्या पुस्तकात ‘राइस पेपर रंगवा, वाळवा, हाताने फाडा आणि तुकडे चिकटवून चित्र तयार करा’ अशी कृती वाचून कुणी शिक्षक वहीपुस्तकांच्या दुकानात गेला, तर ‘म्हणजे तांदळाचा कागद का, सर?’ असाच प्रश्न त्याला ऐकावा लागेल. मोठ्या शहरातून मागवायचा म्हटले तर एका तावाला जी किंमत पडते, तिच्यात चाळीस मुलांच्या वर्गाला साधा कागद पुरतो. मग कृती पुस्तकातच राहते आणि वर्गात नेहमीचे चालू होते : छापील हत्तीच्या पोटात घोटीव कागदाचे तुकडे भरायचे. सगळ्यांचे हत्ती सारखे.

आमचे म्हणणे असे, की राइस पेपर न मिळणे ही या कामात अडचण नाही, उलट सोय आहे. तो कागद नाही म्हटल्यावर आपल्याला विचारावे लागते, की त्याच्यात असे काय आहे जे आपल्याजवळच्या कागदात नाही? या प्रश्नाचे उत्तर दुकानात नसून फाडलेल्या कागदाच्या कडेत आहे, आणि ते आठवी-नववीच्या मुलांना शोधता येण्याजोगे आहे.

तांदूळ नसलेला तांदळाचा कागद

आधी नावाचा घोळ मिटवू. राइस पेपर या नावाने निदान तीन अगदी वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. पहिली व्हिएतनामकडे खातात ती पातळ, वाळवलेली चकती. ही खरोखर तांदळाची असते, आपल्या तांदळाच्या पापडाची लांबची बहीण म्हणा. दुसरी वस्तू तैवान आणि दक्षिण चीनमधल्या टेट्रापॅनॅक्स नावाच्या झुडपापासून मिळते. या झुडपाच्या खोडातला पांढरा, स्पंजासारखा गाभा धारदार पात्याने गोल गोल सोलत नेला, की त्याची अखंड पट्टी निघते. एकोणिसाव्या शतकात चीनच्या कँटन बंदरात युरोपीय व्यापाऱ्यांना विकलेली पुष्कळशी छोटी रंगीत चित्रे याच्यावर काढलेली आहेत. पण काटेकोरपणे बोलायचे तर हा कागदच नव्हे, कारण कागद म्हणजे सुटे केलेले तंतू पाण्यात कालवून, चाळणीवर गाळून, एकमेकांत गुंतवून केलेला थर. गाभ्याच्या पट्टीत असे काही घडलेले नसते.

तिसरी वस्तू म्हणजे चित्रकारांचा राइस पेपर. जपानमध्ये तो बहुतेक करून कोझो म्हणजे कागदी तुतीच्या सालीपासून बनवतात. ही आपल्या तुतीच्याच कुळातली. चीनच्या आन्हुई प्रांतातला प्रसिद्ध श्वान कागद छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या मिश्रणाचा असतो. म्हणजे भाताचा संबंध आला तर तो एवढाच, आणि तोही दाण्याचा नाही, काडाचा. हा तिसरा कागद आपल्या कामाचा आहे.

मग साल कशाला हवी? नुसत्या पेंढ्याचा कागद का करत नाहीत? याचे कारण तंतूंच्या लांबीत आहे. भाताच्या पेंढ्यातले तंतू सुमारे १ ते दीड मिलिमीटर लांबीचे असतात. उसाचे चिपाड आणि ज्वारीचा कडबा हेही गवतवर्गातलेच, त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही. निलगिरीच्या लाकडातले तंतू १ मिलिमीटरहूनही आखूड असतात, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे ३ मिलिमीटरच्या आसपास, तर कागदी तुतीच्या सालीतले सुमारे १० मिलिमीटर. शाळेच्या वहीचे पान आणि राइस पेपर यांच्यातला फरक बऱ्याच अंशी या आकड्यांत सामावलेला आहे.

कागद फाटतो तेव्हा

वर्तमानपत्राचे एक पान घ्या आणि वरून खाली, रकान्यांच्या दिशेने फाडा. चीर बरीचशी सरळ जाते. आता तेच पान आडवे फाडायचा प्रयत्न करा. चीर वाकडी जाते, मध्येच दिशा बदलते, कड दातेरी होते. हा प्रयोग मुलांना फार आवडतो आणि त्याला खर्च काही नाही. यंत्रावर कागद बनताना पातळ लगदा वेगाने पळणाऱ्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने आडवे होतात, जसे ओढ्याच्या पाण्यात गवताच्या काड्या प्रवाहाच्या दिशेने लागतात. त्यामुळे कागदाला लाकडासारखी ‘शीर’ येते. शिरेच्या दिशेने चीर तंतूंच्या मधून वाट काढते, आडव्या दिशेने तिला प्रत्येक तंतू गाठावा लागतो.

हाताने बनवलेल्या कागदात ही शीर फार कमी असते किंवा नसतेच. कारागीर साचा लगद्यात बुडवून वर काढतो आणि पुढेमागे, डावी-उजवीकडे हलवतो, त्यामुळे तंतू सर्व दिशांना पसरतात. असा कागद कुठूनही फाडा, कड सारखीच येते. फाडकामाच्या चित्राला ही गोष्ट फार उपयोगाची, कारण डोंगराची रेघ चढत-उतरत असते आणि तिच्यासाठी कागद दर वेळी फिरवून घेणे जमत नाही.

आता ती कड भिंगाखाली पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतले साधे हातभिंग पुरते. वहीच्या कागदाची कड पाहिली तर तंतूंची बारीक लव दिसेल. हातकागदाची कड अधिक केसाळ दिसेल. राइस पेपरचा तुकडा कुठून मिळाला तर त्याच्या कडेवरचे तंतू नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, कोळ्याच्या जाळ्याच्या तुटक्या धाग्यांसारखे. कागद फाटताना दोन गोष्टी घडू शकतात. एक तर तंतू तुटतो, नाही तर तो शेजाऱ्यांपासून सुटून सबंधच्या सबंध बाहेर ओढला जातो. तंतू लांब असतील आणि त्यांची एकमेकांवरची पकड बेताची असेल, तर कडेला मिशा फुटतात. पकड घट्ट असेल तर तंतू तुटतात आणि कड नेटकी राहते.

ही पकड कशाची? कागदात गोंद नसतो. तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजच्या लांबलचक रेणूवर ओळीने हायड्रॉक्सिल गट असतात. ओला लगदा वाळताना पाणी निघून जाते, दोन तंतूंचे पृष्ठभाग अगदी जवळ येतात आणि या गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुबळा, पण त्यांची संख्या प्रचंड. पुन्हा पाणी घातले, की पाण्याचे रेणू मध्ये शिरून त्या बंधांची जागा घेतात आणि पकड सुटते. खास प्रक्रिया न केलेला कागद पूर्ण भिजला, की त्याच्या कोरड्या ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा अनुभव सगळ्यांनाच आहे.

चित्रकार याच गोष्टीचा उपयोग करून घेतो. ओल्या कुंचल्याने कागदावर पाण्याची रेघ ओढायची, अर्धा मिनिट थांबायचे आणि दोन्ही बाजूंनी हलकेच ओढायचे. रेघेपुरती पकड सुटलेली असते, त्यामुळे तंतू न तुटता सरकून बाहेर येतात आणि कात्रीला कधीच न जमणारी मऊ, पिंजलेली कड मिळते. ढगाची, धुराची, शेळीच्या पाठीची. एका वर्गाला यासाठी दोन पेले पाणी पुष्कळ झाले. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात हेही पाहावे लागते.

आणखी एक गंमत. जाड कागद एकाच बाजूने रंगवा आणि रंगीत बाजू वर ठेवून फाडा. दोन तुकड्यांपैकी एकाच्या कडेला पांढरी किनार दिसेल, दुसऱ्याच्या नाही. कारण चीर कागदाच्या जाडीतून सरळ खाली जात नाही, ती तिरपी जाते. वर ओढलेला तुकडा शेजारच्या तुकड्यावरचा रंगीत पापुद्रा आपल्याबरोबर सोलून नेतो आणि तिथे आतला पांढरा गाभा उघडा पडतो. उजव्या हाताने वर ओढले तर कोणता तुकडा किनार घेतो, डाव्या हाताने ओढले तर काय होते, हे मुलांनी स्वतः ठरवावे. एकदा हे कळले, की पांढरी किनार हवी तेव्हा आणता येते, नको तेव्हा टाळता येते. नदीच्या काठाला ती शोभते, अंधाऱ्या झाडीला नाही.

काही फाडणारी माणसे

फाडलेल्या कागदाच्या चित्रांना जपानीत चिगिरी-ए म्हणतात. चिगिरु म्हणजे फाडणे, ए म्हणजे चित्र. सुंदर अक्षरात कविता लिहिण्यासाठी रंगीत कागद फाडून, जोडून पार्श्वभूमी तयार करण्याची तिथली रीत हजारेक वर्षांची आहे. पण शिक्षकांना आवर्जून सांगावे असे नाव विसाव्या शतकातले आहे : कियोशी यामाशिता, १९२२ ते १९७१. बौद्धिक वाढ मागे राहिलेला हा मुलगा टोकियोजवळच्या चिबा प्रांतातल्या एका निवासी संस्थेत दाखल झाला आणि तिथे त्याला कागद फाडून चिकटवण्याचे काम शिकवले गेले. हाताला वळण लागावे, एवढाच अशा कामाचा हेतू असतो. पुढे तो संस्थेतून निघून गेला, वर्षानुवर्षे पायी देशभर भटकला आणि परत आल्यावर पाहिलेले सारे आठवणीतून कागदात उतरवू लागला. १९५० मधले त्याचे नागाओकाच्या आतषबाजीचे चित्र प्रसिद्ध आहे. काळ्या आकाशात फुटलेले दारूकाम, खाली नदी आणि बसलेली माणसे ठिपक्यांएवढ्या तुकड्यांची. आतषबाजीच्या रेषांसाठी त्याने कागदाच्या पिळलेल्या बारीक वाती वापरल्या. आपल्या वर्गात ज्या मुलाच्या वहीत लाल शाईच जास्त असते, त्याच्या हाती आपण काय देतो, असा प्रश्न हे चित्र पाहताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

युरोपात पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात खरा कागद चिकटवायला सुरुवात केली आणि ‘कोलाज’ हा चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आलेला शब्द रूढ झाला. त्यानंतर चार-पाच वर्षांत हान्स आर्प या कलावंताने फाडलेले चौकोनी तुकडे योगायोगाने पडतील तसे मांडल्याचे सांगून चित्रे केली. त्यातले एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. चौकोन इतके समजूतदारपणे पडलेले आहेत, की योगायोगाला थोडा हात लागला असावा, असा आम्हाला संशय आहे. आपल्याकडे शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० नंतरच्या दशकात पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांनी चाचपत चित्रे जुळवली. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. इंदूरचे मराठी चित्रकार विष्णू चिंचाळकर तर वाळलेली पाने, काटक्या, चिंध्या अशा टाकाऊ वस्तूंतच आकार शोधत आणि मुलांनाही ती सवय लावत.

हाताने रंगवलेल्या कागदाचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील चित्रकार एरिक कार्ल यांचे. त्यांच्या सुरवंटाच्या गोष्टीचे पुस्तक १९६९ चे, आणि ते आज जगभरच्या बालवाड्यांत आहे. कार्ल बाजारचे रंगीत कागद वापरत नसत. पातळ पांढऱ्या टिश्यू कागदावर ते आधी स्वतः रंगांचे फटकारे मारत, ओरखडे काढत, ठसे उमटवत. असे शेकडो कागद रंगवार लावून खणांत ठेवत आणि मग त्यातून आकार कापत. रंगवणे आणि चित्र जुळवणे ही दोन कामे अशी वेगळी केल्याने काय साधते, ते वर्गात लगेच कळते. पहिल्या तासाला कुणालाच ‘चित्र’ काढायचे नसते, फक्त कागद रंगवायचा असतो. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारे मूल त्या तासाला बिनधास्त असते.

आपल्याजवळचा कागद

आता निवड. जवळ मिळतील तेवढे कागद जमवा : वर्तमानपत्र, वहीचे पान, खाकी कागद, पतंगाचा कागद, गाळणकागद, हातकागदाची जुनी लग्नपत्रिका. प्रवासात मिळणारी चहाची पुडी असते ना, तिचे पातळ आवरणही ठेवा. अशी बरीच आवरणे आबाका या केळीच्या जातभाईच्या लांब तंतूंची असतात आणि पाण्यातही टिकतात. काहींत प्लॅस्टिकचे धागेही मिसळलेले असतात, पण ते फाडताना लक्षात येते.

प्रत्येकाची तीन प्रकारे परीक्षा घ्या. एकच थेंब पाणी टाका आणि तो किती वेळात, किती पसरतो ते मोजा. वहीच्या कागदावर थेंब उभा राहील, कारण शाई फुटू नये म्हणून त्याला पाणी रोखणारा लेप दिलेला असतो. लेप नसलेल्या कागदात तंतूंमधल्या फटी केशनलिकांचे काम करतात आणि पाणी आत ओढले जाते. राइस पेपरवर रंग असा आपोआप पसरतो, वाफाळल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने. दुसरी परीक्षा कोरडा फाडण्याची, तिसरी ओला फाडण्याची. तक्ता मुलांनीच करावा. जो कागद पाणी पितो, ओला असताना लगेच विरघळत नाही आणि कडेला तंतू दाखवतो, तो आपला राइस पेपर. गाळणकागद पहिल्या परीक्षेत उत्तम उतरतो, पण जाड असतो. पतंगाचा कागद पातळपणात बाजी मारतो, पण त्याचा रंग ओला होताच सुटतो आणि शेजाऱ्याला लागतो. पांढरा घेतला तर ही तक्रार राहत नाही. नेपाळी हातकागद कुठे मिळाला तर तो जरूर घ्यावा. तो लोकता नावाच्या झुडपाच्या सालीचा असल्याने जपानी कागदाच्या सर्वांत जवळचा आहे.

हातकागदाच्या बाबतीत मराठवाड्याला दूर जायला नको. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान, वेरूळच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कागदकाऱ्यांनी ते वसवले, असे सांगितले जाते. दौलताबादी कागद आणि जुन्नरचा जुन्नरी कागद ही नावे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहेत. जुने दोरखंड, गोणपाट, चिंध्या हा त्याचा कच्चा माल. कुटून लगदा करायचा, ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून चकाकी आणायची. ‘घोटीव कागद’ हा शब्द आपण आज यंत्राच्या चकचकीत कागदाला वापरतो, त्यात हे घोटणे शिल्लक आहे. तुळजापुरात घोटण्याला कवडी शोधायला कुठे जावे लागत नाही. रंगवलेल्या कागदावर कवडीची पाठ जोराने फिरवून पाहा, तेवढी पट्टी चमकू लागते, कारण वर आलेले तंतू दाबले जाऊन पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एका दिशेने परततो.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे या गावातला धंदा बसत गेला. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकागद आपल्या कामात घेतला, पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, तिथे कापडाच्या कातरणांपासून उत्तम कागद होऊ लागला. कागजीपुऱ्यात मात्र हे काम आता अगदी थोड्या हातांत उरले आहे. वेरूळला जाणारी शाळेची सहल तिथे तासभर थांबवता येते आणि परत येताना चार ताव विकत घेता येतात. हे आम्हाला दहा व्याख्यानांहून मोलाचे वाटते.

शाळेतच कागद करायची हौस असेल तर अंबाडी आहे. पोळ्याच्या आधी बैलांचे कासरे वळायला जिचा वाख काढत, तीच ही अंबाडी. तिचे तंतू कागदी तुतीप्रमाणे सालीतले असून अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे असतात. जुन्या दोराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तीन-चार तास उकळावेत (हे काम शिक्षकांनी करावे, सोडा कातडीला झोंबतो), भरपूर धुवावेत आणि खलबत्त्यात किंवा दगडावर पुष्कळ वेळ कुटावेत. हा लगदा रद्दीच्या लगद्यात मिसळून मच्छरदाणीच्या जाळीवर गाळला, तर रद्दीच्या नुसत्या कागदापेक्षा चिवट आणि कडेला केसाळ असा कागद मिळतो. कुटण्यात कसूर करू नये. कुटल्याने तंतूंची साले निघतात, पृष्ठभाग वाढतो आणि बंध जास्त बसतात.

रंग, खळ आणि वाळणे

पातळ कागद ओला झाल्यावर उचलू नये. खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा कागद धुऊन पसरावा, त्यावर रंगवावे आणि तिथेच वाळू द्यावे. वाळला की आपोआप सुटतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर त्यातल्या बहुवारिकाचा पडदा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पोस्टर रंगात डिंकासारखा पदार्थ असतो, त्यामुळे खळ लागली की तो पुन्हा सुटतो. तेव्हा पोस्टर रंग वापरले तर खळ तुकड्याला न लावता खालच्या पुठ्ठ्याला लावावी, घट्टसर ठेवावी आणि तुकडा वरून फक्त दाबावा.

घरचा रंग हवा तर हळद. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद पिवळा होतो. त्यावर चुन्याच्या निवळीने किंवा सोड्याच्या पाण्याने रेघ ओढा, ती लालभडक उमटते. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. हळदीतले कर्क्युमिन आम्लात पिवळे आणि अल्कलीत तांबडे होते. ज्या गावाचा बाजार कुंकवाने लाल असतो, तिथल्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे, कारण पारंपरिक कुंकू याच क्रियेने हळदीपासून होते. बाजारात मिळणारे पुष्कळसे कुंकू कृत्रिम रंगाचेही असते. चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळून ते पिवळे पडते का पाहावे. हळदीच्या रंगाचा एक दोष आहे : तो उन्हात फार लवकर उडतो. अर्धा कागद पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर खिडकीत ठेवला, की पुरावा मिळतो.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात कालवून मग मंद आचेवर सतत ढवळायचे. ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, फुटतात आणि दुधाळ पाणी एकाएकी घट्ट व चकचकीत होते. तापमापी असेल तर हा क्षण मुलांनी टिपावा. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड आणि बुरशी लागत नाही, पण ते विष आहे. वर्गात खळ रोज ताजी करावी.

चिकटवलेला कागद ओला असताना गडद आणि काहीसा पारदर्शक दिसतो. कोरड्या कागदात तंतू आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो. फटींत पाणी भरले, की हे विखुरणे कमी होते आणि खालचे दिसू लागते. वाळल्यावर रंग पुन्हा फिकट होतो, म्हणून रंगाचा निर्णय कोरड्या तुकड्यावरूनच घ्यावा. पुठ्ठा वाकडा होतो, ही तर नेहमीची तक्रार. तंतू भिजला की जाडीला पुष्कळ फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे यंत्राचा कागद शिरेच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला ओढतो. पुठ्ठ्याच्या मागे त्याच दिशेने एक साधा कागद चिकटवला, की दोन्हीकडची ओढ सारखी होते.

बालाघाट

पहिले चित्र कशाचे? मुले देवीचे मंदिर म्हणतील. ते नंतर करावे, कारण सरळ कोपरे आणि कोरीव काम ही फाडलेल्या कडेची मर्जी नाही. तिची मर्जी डोंगराची, आणि तुळजापूर तर बालाघाटाच्या डोंगरातच वसलेले आहे. शाळेच्या गच्चीवर जाऊन पाहा, लांबची रांग फिकट, निळसर दिसते, जवळची गडद. मध्ये हवा जितकी जास्त, तितका वाटेत विखुरलेला प्रकाश जास्त मिसळतो. पातळ कागदात हे बिनकष्टाचे साधते. लांबच्या रांगेला एकच थर, त्याच्या पुढच्या रांगेला त्याच कागदाचे दोन, जवळच्या टेकडीला चार.

हा डोंगर स्वतःच थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे लोट एकामागून एक पसरले आणि त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. त्यांच्या झिजण्यातून उतारांवर पायऱ्यांसारखे टप्पे पडले, म्हणून या खडकांना डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. काळ्या, करड्या, तांबूस पट्ट्या फाडून खालून वर एकावर एक चिकटवत गेले, की चित्राबरोबर भूशास्त्राचा पहिला नियमही हातून होतो : आधीचा थर खाली, नंतरचा वर. मुलांची चित्रे अदलाबदल करावीत आणि दुसऱ्याच्या चित्रात कोणता तुकडा आधी चिकटवला, कोणता नंतर, हे नुसते पाहून ओळखायला सांगावे. चुका फार गमतीच्या होतात.

शेवटी टिकण्याविषयी. खालचा कागद म्हणून वर्तमानपत्र घेऊ नये. त्यात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, ते उजेडात पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो. आर्पलाही आपली जुनी कागदी चित्रे पिवळी पडून झिजलेली पाहावी लागली. चिंध्यांच्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसते, म्हणून दप्तरांतले जुने दौलताबादी ताव आजही वाचता येतात. चित्रे भिंतीवर लावायची तर उन्हाच्या समोरची भिंत टाळावी, आणि पावसाळ्यात खळीच्या वासाने झुरळे येतात, तेव्हा कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.